बोटांमधलें अंतर

सकाळची पूजा आटोपली कीं घरांतील मुलें तीर्थासाठीं देवघराच्या उंबऱ्यापाशीं ओळीनें बसतात. त्या ओळींतला सर्वांत लहान हात माझ्या नातीचा. तिला तीन वर्षें पुरीं झालीं आहेत. उजव्या हाताचा द्रोण करून ती तो पुढें करते, मी पळीनें तीर्थ घालतों, आणि मधलें बोट व अनामिका ह्यांच्या फटींतून दोन थेंब हटकून खालीं सांडतात. मग ती ओशाळून माझ्याकडे पाहते. कारण तीर्थ सांडूं नये असें तिला बजावलेलें आहे. मला मात्र ते सांडलेले थेंब पाहून जें समाधान होतें, तें तिला सांगून कळण्यासारखें नाहीं. ती दीड वर्षाची होईपर्यंत तेथून थेंब सांडणें शक्यच नव्हतें. तेथें फटच नव्हती.

हिचा जन्म जानेवारी २०२३ मधला, संक्रांतीनंतर आठवड्यानें. आमचें घर कर्जतला, दहिवलींत. आम्ही दोघे भाऊ, आमचीं मुलें, सुना, नातवंडें आणि आमची वडील बहीण अक्का, असा बारा माणसांचा संसार अजून एका चुलीवर चालतो. बाळ-बाळंतीण घरीं आलीं, अक्कानें न्हाऊ घालण्यासाठीं दुपटें सोडलें, आणि तिचा हात थबकला. डॉक्टरांनीं आधीं सांगितलें होतें, तरी ऐकणें वेगळें आणि पाहणें वेगळें. उजव्या हाताचीं तीं दोन बोटें शेंड्यापर्यंत एकाच कातडीच्या वेष्टनांत होतीं. हाडें निराळीं, नखें निराळीं, पण मध्यें अंतर नाहीं.

“तरी मी तेव्हांच म्हटलं होतं,” अक्का म्हणाली. “ग्रहणांत सुई हातीं धरूं नकोस म्हणून किती सांगितलं! बोटं शिवलीं गेलीं पोरीची.”

वाचकांना आठवत असेल, २०२२ सालीं दिवाळींतच सूर्यग्रहण आलें होतें. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालें, २६ ला पाडवा, आणि मधल्या २५ तारखेला सायंकाळीं सूर्य ग्रासलेला असतांनाच मावळला. सूनबाईंना तेव्हां सातवा महिना होता. धाकट्या पुतण्याच्या नव्या सदऱ्याचें बटण तुटलें, त्यानें भोकाड पसरलें, आणि त्या बिचारीनें पडवींत बसून चार टांके घातले. एवढाच काय तो तिचा अपराध.

मी तेथेंच होतों. पस्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. ग्रहण म्हणजे छायेचा खेळ, हें आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्येंच लिहून ठेवलें आहे, असें मीं वर्गांत किती वेळां अभिमानानें सांगितलें असेल! परंतु त्या दिवशीं माझ्या तोंडून शब्द निघाला नाहीं. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनीं वडील. आई गेल्यावर तिनेंच आम्हां भावांना वाढविलें. बाळंतिणीच्या खोलींत वाद नको, असें मीं मनाला समजाविलें. सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनीं सारें ऐकलें होतें. पुढें त्यांनीं बाळाचा तो हात सदा झबल्याच्या बाहींत लपविण्यास आरंभ केला. आणि ज्यांच्या हातच्या गोधड्या व झबलीं आमच्या सर्व नातेवाइकांत गेलीं होतीं, त्यांनीं शिवणाच्या यंत्रावर कापड टाकलें तें पुनः काढलें नाहीं. कोणी विचारलें तर म्हणत, “वेळ कुठं मिळतो?”

मुंबईच्या डॉक्टरांनीं धीर दिला. दोनतीन हजार जन्मांत एखाद्या बाळाचीं बोटें अशीं जुळलेलीं असतात, हाडें सुटीं असलीं कीं शस्त्रक्रिया चांगली होते, मात्र मूल थोडें मोठें होऊं द्यावें, असें ते म्हणाले. मग त्यांनीं विचारलें, “घराण्यांत पूर्वीं कोणाचीं बोटें जुळलेलीं होतीं का?” मीं तत्काळ उत्तर दिलें, “नाहीं.” उत्तर देण्याची घाई हा आम्हां मास्तरांचा जुना रोग आहे.

ह्या रोगाचें आणखी एक उदाहरण त्याच सुमारास मला आठवलें. माझी शाळा खालापूर तालुक्यांत. कर्जत-खोपोलीच्या गाडीनें माझें जाणें-येणें असे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो तास माझ्या गळ्यांत पडे. एका पावसाळ्यांत मुलांनीं शेताच्या बांधावरच्या डबक्यांतून बेडकाचीं शेपटीवालीं पिलें कांचेच्या बरणींत आणून ठेवलीं. रोज कोणाला पाय फुटला, कोणाचें शेपूट आंखूड झालें, हें पाहण्यासाठीं झुंबड उडे. ठाकरवाडींतून येणाऱ्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, शेपूट जातं कुठं?” मीं म्हटलें, “गळून पडतं.” तो म्हणाला, “मग बरणींत सांपडत कां नाहीं?” मीं त्याला खालीं बसविलें. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकीचें. पण शिक्षा झाली ती प्रश्नाला.

त्या वर्षीं गणपतींत माझी पुतणी मुंबईहून घरीं आली. ती जीवशास्त्राचा पुढील अभ्यास करते. आरती झाल्यावर ओटीवर बसून मीं तिच्यापुढें दोन्ही प्रश्न ठेवले: बेडकाचें शेपूट जातें कोठें, आणि आपल्या बाळाचीं बोटें जुळलीं कशीं? ती हंसून म्हणाली, “काका, दोन्हींचं उत्तर एकच आहे.” पुढील आठ दिवस तिनें मला शिकविलें, आणि साठी उलटलेल्या ह्या विद्यार्थ्यानें वहींत उतरून घेतलें. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवतों.

आपण समजतों कीं गर्भाच्या हाताला झाडाच्या फांद्यांसारखीं एकेक बोटें फुटत असावींत. तसें नाहीं. प्रथम हात हा एका चपट्या वल्ह्यासारखा असतो. त्यांत पांच बोटांच्या रेषा उमटतात, पण मधली जागा पेशींनीं भरलेली असते. सहाव्या ते आठव्या आठवड्यांत ह्या मधल्या पेशी आपण होऊन मरतात आणि त्यांच्या मरणानें बोटें सुटीं होतात. मूर्तिकार पाषाणांतील नको तो भाग काढून मूर्ति प्रकट करतो, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं येथें टांकी बाहेरून येत नाहीं, ती प्रत्येक पेशींत आधींपासून ठेवलेली असते. बदकाच्या पायाच्या बोटांमध्यें हें मरण फारच थोडें घडतें, म्हणून त्याच्या पायाला पडदा राहतो व तें पोहूं शकतें. बेडकाच्या पिलाचें शेपूटही असेंच जातें. कंठग्रंथीचा रस वाढला कीं शेपटाच्या पेशी मरूं लागतात, आणि तें शेपूट गळून न पडतां जागच्या जागीं जिरून जातें. बरणींत तें सांपडणार कोठून?

ही जी पेशींतील टांकी, तिचें नांव कॅस्पेज. हें एक विकर आहे. विकर म्हणजे शरीरांतलें असें प्रथिन, कीं जें दुसऱ्या द्रव्यांत फेरफार घडवून आणतें, पण स्वतः त्यांत खर्ची पडत नाहीं. भात बराच वेळ चावला कीं गोड लागतो, तें लाळेंतील एका विकराचेंच काम. कॅस्पेज हें प्रथिनें कापणारें विकर. मात्र तें वाटेल तेथें कापीत नाहीं. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. तींत ॲस्पार्टिक आम्ल नांवाचा मणी ज्या विवक्षित जागीं येतो, तेथेंच त्याच्यापुढें हें कात्री चालवितें. त्या आम्लाचें नांव ज्या वनस्पतीवरून आलें, ती आपल्या शतावरीच्याच कुळांतली, हें ऐकून मला अंमळ बरें वाटलें. अनोळखी गांवांत आपल्या आडनांवाचा माणूस भेटावा तसें.

असें शस्त्र प्रत्येक पेशींत असतांना आपण जिवंत कसे राहतों, हा प्रश्न मला पडला. पुतणी म्हणाली कीं तें म्यानांत असतें. कॅस्पेज निष्क्रिय रूपांत तयार होतें; त्यालाच ठराविक ठिकाणीं छेद गेला म्हणजे तें जागें होतें. ह्यांत दोन दर्जे आहेत. कांहीं कॅस्पेज आरंभ करणारीं व कांहीं शेवट करणारीं. पेशीला ऊर्जा पुरविणारी जी मायटोकाँड्रिया, तिच्यांतून सायटोक्रोम-सी नांवाचें प्रथिन बाहेर पडलें कीं तो संकेत समजून कॅस्पेज-९ जागें होतें. तें कॅस्पेज-३ ला छेद देऊन उठवितें. आणि कॅस्पेज-३ उठलें कीं खेळ आटोपला. पेशीचा सांगाडा सांवरणारीं व तिची डागडुजी करणारीं शेंकडों प्रथिनें तें कापतें. गुणसूत्रांतील डीएनएचे तुकडे करणारें एक निराळें विकर दुसऱ्या प्रथिनाच्या पहाऱ्यांत बांधलेलें असतें. कॅस्पेज-३ त्या पहारेकऱ्यालाच कापून त्याला मोकळें करतें. पेशी आकसते, तिच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगावर अशी खूण उमटते कीं ती पाहून शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून पचवितात. तिच्यांतील द्रव्य वायां जात नाहीं. विळ्यानें बोट कापलें तर पेशी फुटतात, सूज येते, ठणका लागतो. ह्या मरणांत तसें कांहीं होत नाहीं. आपल्या शरीरांत रोज हजारों कोटी पेशी अशा जातात, आणि आपणांस पत्ता लागत नाहीं.

१९७२ सालीं कर्र, वायली व करी ह्या तीन शास्त्रज्ञांनीं ह्या मरणाला निराळें नांव दिलें. त्यांनीं ॲबरडीन विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक ह्यांजकडून शब्द मागून घेतला: ॲपॉप्टॉसिस, म्हणजे झाडावरून पानें किंवा पाकळ्या गळणें. प्रयोगशाळेंतल्यांना भाषेच्या मास्तराचें दार ठोठवावें लागलें, हें वाचून माझ्यासारख्याला गुदगुल्या झाल्या नाहींत असें कसें म्हणूं? माथेरानच्या उतारावरचा साग पान सोडतो, तेव्हां तेंही आधीं पानांतील सत्त्व परत घेऊन मग देठाशीं सोडतो. मात्र वनस्पतींत हीं कॅस्पेज नसतात, त्यांचीं साधनें निराळीं आहेत.

पुढील शोध एका मिलीमीटरभर लांबीच्या कृमीवर लागला. त्याच्या वाढींत १,०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात व ९५९ उरतात. प्रत्येक कृमींत त्याच, आणि त्याच वेळीं. ज्या जनुकावांचून ह्या पेशी मरत नाहींत, तें जनुक माणसांतल्या एका प्रथिन कापणाऱ्या विकराशीं जुळतें, हें १९९३ मध्यें हॉर्विट्झ ह्यांच्या प्रयोगशाळेंत जुनयिंग युआन ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन ह्यांना २००२ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच कार्यासाठीं. आणि मला सर्वांत जवळचा वाटला तो उंदरांवरचा प्रयोग. मायटोकाँड्रियाचें दार उघडून देणारीं बॅक्स व बॅक हीं दोन प्रथिनें ज्या उंदरांत नव्हतीं, त्यांच्या बोटांमधला पडदा मोठेपणींही तसाच राहिला. मरणाचा निरोप पोंचला नाहीं, म्हणून बोटें सुटलीं नाहींत.

हें मरण वेळेवर न येण्याचा अर्थ फक्त जुळलेल्या बोटांपुरता नाहीं. ज्या पेशीचा डीएनए बिघडला तिनें आपण होऊन जावें अशी शरीराची व्यवस्था आहे. ती न जातां वाढतच राहिली तर कर्करोगाला वाट मिळते. पुण्यांत जन्मलेल्या डॉक्टर कमल रणदिवे (१९१७–२००१) ह्यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. त्याच परंपरेंतली संस्था आज आमच्याच रायगड जिल्ह्यांत खारघरला काम करीत आहे. कांहीं कर्करोगांत बीसीएल-२ नांवाचें प्रथिन मायटोकाँड्रियाचें दार दाबून धरतें. तें सोडविणारें एक औषध २०१६ पासून वापरांत आलें आहे. उलट, मेंदूला रक्त न मिळाल्यास नको तेथेंही हें विकर जागें होतें, आणि वांचूं शकल्या असत्या अशा पेशी हातच्या जातात. थोडक्यांत, दोष मरणाचा नाहीं, अवेळीं येण्याचा किंवा न येण्याचा आहे.

हें सारें लिहून घेतल्यावर एका रात्रीं मीं बोटांच्या पेरांवर हिशेब मांडला. बाळाचा जन्म जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यांतला. तेथून मागें मोजीत गेलों तर बोटें सुटीं होण्याची वेळ येते जून २०२२ ची, म्हणजे ज्येष्ठाची. त्या जूनमध्यें कोठलेंच ग्रहण नव्हतें. आश्विनी अमावास्येला सूनबाईंनीं सुई हातीं धरली, तेव्हां पडदा राहून चार महिने होऊन गेले होते. हा हिशेब इयत्ता चौथीच्या मुलालाही आला असता. मला तो करण्यास आठ महिने लागले. कारण मीं तो करावयास घेतलाच नव्हता.

दुसरें अधिक लाजिरवाणें. पुतणीनें सांगितलें कीं जुळलेल्या बोटांचा एक प्रकार वंशांतून येतो. त्यांत एखाद्याच्या हाताचें मधलें बोट व अनामिका जुळते, त्याच घरांत दुसऱ्याच्या पायाचीं दुसरें व तिसरें बोट जुळतें, आणि एखाद्याला कांहींच होत नाहीं. हें ऐकतांच माझ्या डोळ्यांपुढें आमच्या वडिलांचे पाय उभे राहिले. संध्याकाळीं ते बाहेरून आले कीं पायरीवर उभे राहत आणि आम्ही मुलें तांब्यानें पाणी घालीत असूं. त्यांच्या डाव्या पायाचीं तीं दोन बोटें निम्म्यापर्यंत जुळलेलीं होतीं! घरांत त्याला भाग्याची खूण म्हणत. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां मला तें आठवलें नाहीं. सासऱ्याच्या वडिलांचे पाय सूनबाईंनीं कधीं पाहिलेलेच नव्हते. म्हणजे जें बाबांच्या पायांत होतें तें भाग्य, आणि जें नातीच्या हातांत आलें तो तिच्या आईचा दोष!

सकाळीं अक्का फुलें निवडीत बसली होती. मी तिच्यापाशीं जाऊन बसलों आणि म्हटलें, “अक्का, बाबांच्या डाव्या पायाचीं बोटं तुला आठवतात?” तिचा हात थांबला. आमच्यांत सर्वांत अधिक वर्षें त्या पायांवर पाणी घातलें होतें तें तिनेंच. मीं तिला आठवड्यांचा हिशेबही सांगितला. ती कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें फुलांची परडी उचलून आंत गेली. त्या संकष्टीला ती महडच्या वरदविनायकाला गेली तेव्हां बाळाच्या हातासाठीं बोललेला नवस तिनें कायम ठेवला, ह्याबद्दल मीं तिला छेडलें नाहीं. देवापाशीं मागणें मागावयास कारणमीमांसा लागत नाहीं.

मला मात्र आणखी एक काम होतें. सूनबाई स्वयंपाकघरांत होत्या. मीं सर्वांच्या देखत त्यांना म्हटलें, “त्या दिवशीं घरांत जें बोललं गेलं तें खोटं होतं, आणि मला तें खोटं आहे हें ठाऊक असून मी गप्प बसलों. चूक माझी.” त्या एवढेंच म्हणाल्या, “बाबा, तुम्ही तेव्हां नुसतं ‘नाहीं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.” ह्याला मजपाशीं उत्तर नव्हतें, आणि अजूनही नाहीं. डॉक्टरांपुढें नको तेथें मीं ‘नाहीं’ म्हटलें. जेथें म्हणावयास हवें होतें तेथें म्हटलें नाहीं.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडीं शस्त्रक्रिया झाली. दोन जुळलेल्या बोटांवर जितकी त्वचा असते ती सुट्या बोटांना पुरत नाहीं. म्हणून नागमोडी छेद घेऊन, कमी पडली तेथें जांघेची त्वचा लावावी लागली. वडिलांच्या बोटांची गोष्ट मीं डॉक्टरांना सांगितली. संबंध असण्याचा संभव आहे, पण खात्री देतां येत नाहीं, असें ते म्हणाले. एवढ्या सावधपणें उत्तर देणारा मनुष्य पाहिला कीं आतां माझा आदर वाढतो.

पट्ट्या सुटून हात बरा झाल्यावरची एक दुपार सांगतों आणि लेख संपवितों. मी ओटीवर वाचीत होतों. अक्का आपली जुनी गोधडी घेऊन माजघरांत आली आणि सूनबाईंपुढें ठेवून म्हणाली, “कडेचे टांके उसवलेत ग. माझ्या डोळ्यांना आतां सुईचं नेढं दिसत नाहीं. तूंच घालून दे.” सूनबाई क्षणभर तशाच बसल्या. मग उठून त्यांनीं यंत्रावरचें कापड काढलें, दोरा ओंवला, आणि थोड्या वेळानें तो परिचित खडखडाट घरभर ऐकूं येऊं लागला. बाळ यंत्राशेजारीं बसून आपलीं पांची बोटें फांकवून मिटीत होतें.